८०२.३एटी मानकाचा म्हणून विकलेला २४ पोर्टचा पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) स्विच क्लास ४ कॅमेऱ्याला वीज देत नाही

प्रति,
ग्राहकसेवा प्रमुख आणि उत्पादन विभाग

काल तुमच्या हेल्पलाइनने आमची चौथी तक्रारही 'कॅमेऱ्यात दोष' असा शेरा मारून बंद केली. दोष तुमच्या स्विचमध्ये आहे आणि नेमका कुठे, ते लिहितो.

मनीषनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर क्लास ४ चा, म्हणजे जास्त वीज लागणाऱ्या वर्गातला, पीटीझेड (फिरणारा आणि झूम होणारा) कॅमेरा आहे. केबलच्या त्याच्या टोकाला २५.५ वॅटपर्यंत वीज लागू शकते. दिवसा तो ९ वॅटवर चालतो. अंधार पडून आयआर (इन्फ्रारेड) दिवे लागले की २१ वॅट मागतो आणि तुमचा पोर्ट 'ओव्हरलोड' दाखवून बंद पडतो. पुन्हा चालू, पुन्हा बंद. गेटवर रात्रीचं सलग रेकॉर्डिंगच होत नाही.

८०२.३एटी मानकाप्रमाणे स्विचने आधी उपकरणातल्या २५ किलोओहम रोधाची ओळख तपासायची, मग १५.५ ते २०.५ व्होल्टचा वर्गीकरणाचा पल्स द्यायचा. कॅमेरा सुमारे ४० मिलिअँपिअर ओढून आपण क्लास ४ असल्याचं सांगतो. ३० वॅट देणाऱ्या स्विचने एवढ्यावर थांबायचं नसतं. त्याने हा पल्स दुसऱ्यांदा द्यायचा, नाहीतर लिंक जुळल्यावर एलएलडीपीने (नेटवर्कवरच्या उपकरणांनी एकमेकांना माहिती देण्याची पद्धत) कॅमेऱ्याशी वीज ठरवून घ्यायची. २००९ पासून मानक हेच सांगतं. तुमच्या पोर्टवर ऑसिलोस्कोप लावला तर एकच पल्स दिसतो आणि त्यानंतर थेट ५३ व्होल्ट. माहितीपत्रकात एलएलडीपीसमोर बरोबरची खूण आहे, मेनूत तो पर्याय कुठेच नाही. म्हणजे हा पोर्ट जुन्या ८०२.३एएफ मानकाचाच, १५.४ वॅटचा. खोक्यावर मात्र ८०२.३एटी छापलंय.

केबलकडे बोट दाखवू नका. ती ६८ मीटर, शुद्ध तांब्याची कॅट-६ आहे, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नव्हे. वीज नेणाऱ्या दोन जोड्यांचा लूप रोध (जाण्या-येण्याच्या तारांचा मिळून) ४.८ ओहम भरला; मानकाची मर्यादा १२.५ आहे. त्याच केबलवर दुसऱ्या उत्पादकाचा ३० वॅटचा ८०२.३एटी इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारं वेगळं उपकरण) लावला, तर कॅमेरा रात्रभर एकदाही बंद पडत नाही.

आता कालचा फोन. तुमच्या इंजिनिअरने पहिल्या दहा मिनिटांत पाच वेळा "केबल काढून परत लावली का?" असं विचारलं. मग म्हणाला, "नागपूरला ऊन फार असतं सर, कॅमेरा तापत असेल." पोर्टच्या लॉगमधली प्रत्येक नोंद संध्याकाळी सातनंतरची आहे. दुपारी दोनला, भर उन्हात, कॅमेरा व्यवस्थित चालतो. हे सांगितल्यावर त्याने १४ मिनिटं होल्डवर ठेवलं आणि परत येऊन ऐकवलं, "दोनदा वर्गीकरण करणं कॅमेऱ्याचं काम आहे सर, आणि कॅमेरा आमचा नाही, म्हणून आम्ही जबाबदार नाही." पल्स स्विच देतो, कॅमेरा फक्त उत्तर देतो. ज्याला आपल्याच स्विचचं एवढं माहीत नाही, त्याने ग्राहकाला शिकवावं? एका कंपनीचा स्विच दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याशी जुळावा, यासाठीच तर मानक असतं!

शेवटी त्याने २४ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर लावायला सांगितला. हा सल्ला देणं ताबडतोब थांबवा. या कॅमेऱ्याला किमान ४२.५ व्होल्ट लागतात, तो त्यावर सुरूच होणार नाही. शिवाय पॅसिव्ह इंजेक्टर काही न विचारता ४-५ आणि ७-८ या तारांवर वीज सोडतो. उद्या कुणी चुकून तिथे पीओई नसलेलं उपकरण जोडलं तर त्याचा पोर्ट जळू शकतो.

आणखी एक. 'प्रत्येक पोर्टला ३० वॅट' असं ठळक छापता, पण एकूण क्षमता ३७० वॅट. म्हणजे पूर्ण भाराचे १२ पोर्ट. ही गोष्ट माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात का?

१५ दिवसांत दोनपैकी एक करा. दुसरा पल्स आणि एलएलडीपी, दोन्ही खरोखर चालणारं फर्मवेअर (स्विचमधलं सॉफ्टवेअर) द्या, आणि ते देताना क्लास ४ च्या भारावर घेतलेल्या चाचणीचा अहवालही द्या. नाहीतर तुमच्याकडून घेतलेले दोन्ही स्विच परत न्या आणि पूर्ण रक्कम द्या. "रीसेट करून बघा" हे उत्तर चालणार नाही. तुमचं कार्यालय कुठेही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आम्हाला नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते आणि आम्ही ती मागू.

सोबत: ऑसिलोस्कोपचं चित्र, पोर्टचा लॉग, केबलची मोजमापं, खरेदीची पावती.

सोसायटीच्या तांत्रिक समितीतर्फे,
नागपूर