घोड्याचा भाव छापता, तसं खोगिराचं माप पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नंदुरबार जिल्ह्यात दत्तजयंतीच्या यात्रेला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराबद्दल पेपरात दरवर्षी भरभरून येतं, कुठल्या घोड्याला किती लाखाची बोली लागली, रंग कुठला, केसांचे भोवरे कुठे, देवमण (गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा) आहे का, सगळं. मी पण आवडीने वाचतो, माझी घोडी तिथूनच आणलीय. पण त्या घोड्याच्या पाठीवर काय बसणार याबद्दल कधी एक ओळ वाचली नाही, म्हणून हे पत्र.

घोडी आणली आणि खोगीर ऑनलाइन मागवलं. छान लेदर, पितळी कड्या, फोटो बघूनच घेतलं. आधी पाठीला लावून बघायचं असतं हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी कोणाला विचारलंही नाही. रविवारी वाईच्या आजूबाजूच्या डोंगरात तीन-चार तास फिरायचो, महिन्याभरात ती तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे टाकायला लागली, उतारावर थांबायची, मला वाटलं नाटकं करतेय. मग एक दिवस पाठीवरून हात फिरवला तर ती हाताखाली दबलीच. नंतर मान संपते तिथल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे केस आले, कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडीच्या अंगावर, आणि ते आजही तसेच आहेत. रोज खरारा करताना दिसतात आणि रोज वाईट वाटतं.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. खोगिराच्या आत सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात, तो माझ्या घोडीला अरुंद होता. खाली कितीही जाड नमदा, म्हणजे खोगिराखालची जाड घडी, घाला, अरुंद ट्री अजूनच आवळतो, घट्ट बुटात दोन मोजे घातल्यासारखं. आता मी एक वाकणारी तार घेतो, फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या रुंद हाडाच्या मागे दोन बोटं सोडून पाठीवर दाबतो, तो आकार पुठ्ठ्यावर काढून कापतो आणि तो पुठ्ठा खोगिराखाली धरून बघतो. पावसाळ्यात घोडी नुसती उभी राहून अंगाने सुटते, म्हणून दिवाळीच्या आधी परत माप. स्वार बसल्यावर सुद्धा उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, खोगिराच्या दोन गाद्यांमधली पन्हळ कण्याला कुठेच टेकता कामा नये, आणि खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जायला नको कारण तिथे वजन पेलायला खाली बरगड्या नाहीत. फिरून आलं की घाम बघायचा. नमद्याखाली सगळीकडे ओलं आणि मधेच एक कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब पडतोय.

आपण खोगीरभरती हा शब्द निरुपयोगी भरतीसाठी वापरतो पण खऱ्या खोगिरात भरतीवरच सगळं असतं. गाद्यांमधली लोकर दबून गोळे झाले की पाठीला खडे टोचल्यासारखं होतं, ती काढून परत भरून घ्यावी लागते.

आपल्या घाटात चढाला खोगीर मागे सरकतं आणि उताराला पुढे, त्यासाठी छातीपट्टा आणि दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) लावतात, पण मुळात मापाचं नसेल तर पट्ट्यांनी फक्त सरकणं थांबतं, टोचणं नाही.

स्वाराचं पण बघायला हवं. बसल्यावर मागे चार बोटं जागा राहावी. रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, बुटापेक्षा बोटभर रुंद पाहिजे, पडलात तर पाय अडकायला नको. रिकीब फार पुढे टांगलेली असली की पाय पुढे जातो, आपण मागे रेलतो आणि सगळा भार घोड्याच्या कमरेकडे जातो, माझे गुडघे दुखायचे ते यामुळेच.

चांगलं जीन, म्हणजे खोगीर, बनवणारे हात आपल्याच देशात आहेत, कानपूरच्या खोगिरांना तर जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, परदेशात जातात. मग आपल्या यात्रेत घोड्याच्या पाठीचं माप घेऊन देणारा एक तरी माणूस का नसावा? पशुसंवर्धन विभाग आणि यात्रा भरवणाऱ्यांनी पुढच्या दत्तजयंतीला असा एक स्टॉल लावावा, आणि आपण त्याची बातमी बोलीच्या बातमीशेजारीच छापावी ही विनंती. मी माझी तार आणि पुठ्ठे घेऊन दोन दिवस तिथे बसायला तयार आहे.

आपला,
एक वाचक, वाई