समुद्र दारात, पण वळायला भिंत नाही

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मालवणात शारीरिक शिक्षण शिकवतो. इथल्या मुलांना पोहणं मी शिकवत नाही. ती कमरेला सुके नारळ बांधून खाडीत उतरतात आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत नारळ सुटलेले असतात. डिसेंबरात चिवल्याच्या किनाऱ्यावर सागरी शर्यती होतात, तेव्हा आमची मुलं लाटांना भीत नाहीत. म्हणूनच पोहण्याचा तलाव मागायला गेलो तेव्हा एका कार्यालयात मला विचारलं गेलं, "एवढा समुद्र असताना तलाव कशाला?"

कशाला ते सांगतो. माझी एक विद्यार्थिनी पहिल्यांदा तलावातल्या १०० मीटर शर्यतीत उतरली. निम्म्या अंतरापर्यंत ती पुढे होती. भिंत आली, तिने हाताने कठडा धरला, श्वास घेतला आणि वळली. बाकीच्या मुली पाण्यातच कोलांटी मारून, पायांनी भिंत ढकलून केव्हाच पुढे गेल्या होत्या. दम तिच्यात जास्त होता. भिंत तिने आयुष्यात पाहिली नव्हती.

खारं पाणी अंगाला उचलून धरतं, भरती-ओहोटीत अंतर आणि वेळ मोजता येत नाही, आणि जूनपासून समुद्रात पाऊल टाकायची सोय नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत सराव बंद. तेवढ्यात हाताला लागलेली पाण्याची पकड निघून जाते.

जलतरणपटू वीरधवल खाडे इथे तहसीलदार होते, हे आपल्याला माहीत असेल. कोल्हापूरचा हा मुलगा १६ व्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्यांनी कांस्य जिंकलं. खजान सिंग यांच्या १९८६ च्या रौप्यानंतर भारताला या खेळात मिळालेलं हे पहिलं आशियाई पदक. पुढे नोकरीच्या काळात त्यांचा सराव सुटला. तरी ते परतले आणि २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल २२.४७ सेकंदांत पोहले. कांस्य गेलं २२.४६ ला. त्या वेगात एक शतांश सेकंद म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर, बोटाचं एक पेरही नाही. त्या बातमीनंतर मला कित्येक दिवस मालवणात सरलेली त्यांची वर्षं आठवत राहिली. सरकारने खेळाडूला नोकरी दिली, हे मोठं काम. पण पोहणाऱ्याची नेमणूक तलावाजवळ व्हावी आणि सरावाची रजा त्याला हक्काने मिळावी, एवढं नियमात लिहायला हवं.

आणि मालवण तालुक्यात एक तलाव द्या. २५ मीटरचा चालेल, सहा पट्ट्यांचा, वर छप्पर असलेला, म्हणजे पावसाळ्यातही चालू राहील. पाणी गाळायची यंत्रणा चालवायला माणूस आणि पगारी प्रशिक्षक मात्र पहिल्या दिवसापासून हवेत. त्यांच्याशिवाय तलावाचं वर्षभरात डबकं होतं.

ती मुलगी आता नववीत आहे. तिच्या हातात फार वर्षं नाहीत. जागा दाखवायला मी कधीही येईन.

आपला,
मालवणचा एक क्रीडाशिक्षक