नळाची परीक्षा भिंत बुजवण्याआधी घ्या

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात नव्या घराला वीज हवी असेल तर परवानाधारक कंत्राटदाराने वायरिंग तपासून दिलेला चाचणी अहवाल लागतो. पाण्याचे तसे नाही. मीटरच्या पुढे नळी कुणी टाकली, सांधे कसे जोडले, विहिरीचे पाणी कुठे मिसळते, हे पाहायला सहसा कुणी येत नाही. 2022 साली गोवा ‘हर घर जल’ प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य ठरले. ओपा, साळावली, अस्नोडा इथल्या जलशुद्धीकरण प्रकल्पांत शुद्ध केलेले पाणी दारापर्यंत पोचले खरे, पण दारापासून तोटीपर्यंत ते शुद्ध राहील की नाही, हे ज्याच्या हातात पाना असेल त्याच्यावर सोडलेले आहे.

प्लंबरला प्रमाणपत्र सक्तीचे करा, अशी मागणी अधूनमधून होते. आम्हाला ती मान्य आहे. पण परीक्षा कशाची घ्यायची ते आधी ठरवा. नळ्यांच्या व्यासांचा तक्ता पाठ करून कागद मिळणार असेल तर तो न दिलेला बरा.

सगळ्यात आधी विहीर. आपल्याकडे विहीर नसलेले जुने घर विरळा. सरकारी पाणी ठराविक वेळ येते, म्हणून घरमालक सांगतो, ‘मोटरची लाईन याच नळाला जोड.’ प्लंबर एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक व्हॉल्व्ह टाकून मोकळा होतो. आता सरकारी लाईनीतला दाब गेला, व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि मोटर चालू झाली, की विहिरीचे पाणी मीटरमधून उलटे वाड्यावरच्या वाहिनीत जाते. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला तरी निर्धास्त राहता येत नाही, कारण पावसाळ्यात वाळूचा एखादा कण अडकला की त्याची झडप पुरती बसत नाही. खरा उपाय एकच: दोन्ही पाणी टाकीत वरून, वेगवेगळ्या नळ्यांनी पडले पाहिजे आणि नळीचे तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा नळीच्या व्यासाच्या निदान दुप्पट उंच हवे. 25 मिमीची नळी असेल तर 50 मिमी मोकळी हवा. ओव्हरफ्लोची नळी आत येणाऱ्या नळीपेक्षा एक माप मोठी आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी. ही जाळी बहुतेक टाक्यांना नसते. मग आरोग्य खात्याचे कर्मचारी डेंग्यूच्या अळ्या शोधत गच्चीवर चढतात, तेव्हा आपण त्यांच्याच नावाने खडे फोडतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे सरकारी नळाला थेट मोटर लावणे. ती पाणी ओढते तेव्हा वाहिनीत पोकळी तयार होते, आणि गटाराशेजारी एखादा सांधा गळत असेल तर गटाराचे पाणी आत खेचले जाते. असे काम करणाऱ्या प्लंबरचे प्रमाणपत्र रद्द व्हायलाच हवे. तेवढा धाक असला तर मालकाला ‘नाही’ म्हणायला त्यालाही आधार मिळेल.

गिझरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. 25 लिटर पाणी 25 अंशांवरून 65 अंशांवर गेले की सुमारे 400 मिलिलिटरने फुगते. थंड पाण्याच्या तोंडाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्यामुळे हे वाढलेले पाणी मागे जाऊ शकत नाही. ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडते, आणि तसेच पडायला हवे. मालकाला वाटते गिझर गळतो. प्लंबर त्या तोंडाला प्लग मारतो, शंभर रुपये घेतो आणि दोघेही खूश. पुढे कधी थर्मोस्टॅट बिघडला की आतला दाब जायला वाटच उरत नाही आणि टाकी फुटते. त्या तोंडाला अर्ध्या इंचाची नळी जोडून ती मोरीपर्यंत सोडावी. त्या नळीवर कसलाही व्हॉल्व्ह नको.

आता सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणीही सोसणाऱ्या प्लॅस्टिक नळ्यांचे सांधे. नळी सरळ काटकोनात कापायची, कापल्यावर राहिलेली आतली-बाहेरची खरबरीत कड काढायची, चिकटवायचे सोल्युशन न लावता बसवून पाहायची. सॉकेटमध्ये, म्हणजे फिटिंगच्या तोंडात, अर्ध्याच्या आसपास अडली तर माप बरोबर. मग कोरड्या फडक्याने पुसून नळीला नीट आणि सॉकेटला पातळ थर, पाव फेरा देऊन आत ढकलायची आणि अर्धा मिनिट धरून ठेवायची. बहुतेक जण इथेच हात काढतात. सॉकेट निमुळते असल्याने नळी थोडी मागे सरकते आणि सांधा अर्धाच चिकटतो. पीव्हीसीचे सोल्युशन सीपीव्हीसीला वापरणे किंवा डब्यात घट्ट झालेले सोल्युशन थिनर घालून पातळ करणे, या चुका तर रोजच्या. तोटीच्या जागी पितळी आटे असलेले फिटिंग आणि टेफ्लॉन टेप लावावी. सुतळी-सफेद्याची सवय जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्यांच्या काळातली. प्लॅस्टिकच्या आट्यात ती घालून पान्याने आवळले की फिटिंगला चीर जाते आणि ती महिन्याभराने बोलू लागते. गरम पाण्याची 10 मीटर सरळ नळी 40 अंशांच्या फरकाने साधारण 25 मिमी लांबते, म्हणून तिला वळण द्यावे लागते. दोन्ही टोके सिमेंटात पक्की केली की ताण एल्बोवर, म्हणजे कोपऱ्यातल्या जोडावर येतो.

गोव्याच्या मातीचेही काही आहे. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बऱ्याचदा किंचित आम्ल असते, ते जीआय नळी आतून खाते. चिऱ्याची भिंत पाणी पिते, त्यामुळे गळती न्हाणीघरात असते आणि ओल दिसते बेडरूममध्ये. म्हणून नळ्या उघड्या असतानाच हातपंपाने चाचणी घ्यायला हवी: आधी सगळ्या तोट्यांतून हवा काढायची, मग कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन निदान दोन तास दाबमापकाचा काटा पाहायचा. गिझर आणि मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळणारी तोटी) तेव्हा जोडलेले नकोत. शेवटी टाकी आणि नळ्यांचे निर्जंतुकीकरण. 1000 लिटरला 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर साईसारखी कालवून घालायची, प्रत्येक तोटीला वास येईपर्यंत पाणी सोडायचे, तीन तास ठेवून सगळे काढून टाकायचे. चतुर्थीपुरती उघडणाऱ्या बंद घरांनाही हे लागू आहे.

आयटीआयमधला प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे. चांगला आहे, पण घर चालवणारा माणूस वर्षभर मजुरी सोडून वर्गात बसणार नाही. त्याच्यासाठी पूर्वीच्या अनुभवाला मान्यता देणारी, आरपीएल म्हणतात ती परीक्षा आहे. ती इथे खऱ्या कामावर घ्यावी. चिऱ्याच्या भिंतीवर नळी टाकून द्या, सांधे जोडायला लावा, दाब द्या आणि दोन तासांनी काटा बघा. नंतर दोन सांधे उभे कापून आतले सोल्युशन पाहा. मुद्दाम प्लग मारलेला गिझर आणि विहिरीशी जोडलेली लाईन समोर ठेवून चूक ओळखायला सांगा. तोंडी प्रश्न कोकणी, मराठी, हिंदी किंवा कन्नडमधून विचारावेत. आपल्याकडे बरेच कारागीर ओडिशातून येतात. तिथल्या केंद्रापाडा जिल्ह्यात पट्टामुंडई येथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे. तिथले प्रमाणपत्र असेल त्याला इथे पुन्हा पहिलीत बसवू नये.

आणि सक्ती प्लंबरपुरती नको. नव्या इमारतीत राहायला जाण्यासाठी पंचायत किंवा पालिका देते त्या (ऑक्युपन्सी) दाखल्यासाठी जशी कागदपत्रे लागतात, तसा एक पानी नळकाम अहवालही मागावा. त्यात चार नोंदी पुरेत: चाचणीचा दाब व वेळ, टाकीतले हवेचे अंतर, विहिरीची लाईन वेगळी असल्याचा फोटो आणि गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची मोकळी नळी. खाली प्लंबरची सही आणि प्रमाणपत्र क्रमांक. सुरुवात नव्या इमारतींपासून करता येईल. जुन्या घरांत मीटर बदलताना निदान विहिरीची जोडणी तपासावी.

आपले,
घरगुती नळकाम शिकवणारे काही जण, फोंडा