प्लॉटचे हिस्से पाडताय? आधी पावसाच्या पाण्याचं बघा

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी 6 वाजता मंदिरासमोरच्या ओपन स्पेसमध्ये मीटिंग आहे, ज्यांच्याकडे प्लॉटची वाटणी सुरू आहे किंवा अर्धा विकायचा विचार आहे त्यांनी यायचंच, येताना नकाशाची झेरॉक्स आणा.

विषय एकच, पाणी. आधी एक घर आणि बाकी मोकळं अंगण होतं, आता दोन स्लॅब आणि मधे पेव्हर ब्लॉक, मग पाणी मुरणार कुठे? 1000 स्क्वेअर फूट स्लॅबवर 50 मिमी पाऊस पडला तरी साडेचार हजार लिटरच्या वर पाणी खाली येतं, आणि आपली काळी माती एकदा फुगली की पाणी पितच नाही. नागपुरात पूर आला ती 23 सप्टेंबर 2023 ची पहाट कोणी विसरलं नसेल.

- मागच्या हिश्श्याचं पाणी पुढच्या हिश्श्यातूनच रोडच्या नालीत जाणार असेल तर ती पट्टी वाटणीपत्रात नकाशासकट लिहून घ्या. भाऊ-भाऊ आहोत म्हणून तोंडी ठेवू नका, उद्या एकाने विकलं की नवा मालक पाइप बुजवून मोकळा.
- छताचा पाइप गडर लाइनला (संडास-बाथरूमच्या सांडपाण्याच्या लाइनला) जोडायचा नाही म्हणजे नाही! जोरात पाऊस आला की चेंबर उफाळतं आणि खालच्या गल्लीतल्यांच्या बाथरूममधून घाण वर येते.
- भरण टाकायच्या आधी शेजाऱ्याची लेव्हल बघा.
- गाडीच्या रॅम्पखाली नाली बुजवू नका, उचलता येईल अशी जाळी टाका.

मंजुरीचं ज्याने त्याने आपल्या आर्किटेक्टला विचारून यावं. यायला जमत नसेल तर शनिवारपर्यंत सेक्रेटरींना फोन करा, ग्रुपवर वाद नको.