रीटेकचे तास कुणाच्या हिशेबात?

संपादक महोदय,

सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स (पडद्यावरचे दृश्य-परिणाम), गेमिंग या क्षेत्रांसाठीच्या एव्हीजीसी-एक्सआर धोरणाला मंजुरी दिली. दोन लाख रोजगार आणि पन्नास हजार कोटींची गुंतवणूक हे आकडे तेव्हा सगळीकडे छापून आले. मी तेरा वर्षं याच क्षेत्रात आहे. त्या बातम्यांत मी एकच गोष्ट शोधत होते : या दोन लाख माणसांच्या कामाचे तास कोण मोजणार? ती कुठेच दिसली नाही, म्हणून हे पत्र.

मी टू-डी ॲनिमेटर आहे. परदेशी वाहिन्यांसाठी लहान मुलांच्या मालिका करणाऱ्या मालाडच्या एका स्टुडिओत मी होते. स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चित्रांतला आराखडा, आणि पात्रांचे आवाज तिकडून येतात, पात्रं हलवायचं काम आमचं. माझा कोटा आठवड्याला तीस सेकंदांचा. एका सेकंदाच्या २४ फ्रेम. ऐकायला तीस सेकंद कमी वाटतात. पण चार पात्रं जिन्यावरून धावत उतरताना दाखवायची असली, की चार सेकंदांच्या शॉटमध्ये दोन दिवस जातात आणि मोजणी चार सेकंदांचीच होते. रीटेक, म्हणजे क्लायंटच्या सांगण्यावरून पुन्हा केलेलं काम, तर मोजतच नाहीत. क्लायंटने रात्री ‘भुवया थोड्या खाली हव्यात’ असं कळवलं, की ते काम कोट्याबाहेरचं, म्हणजे आमच्या झोपेच्या वेळेतलं. एका मालिकेचे शेवटचे दोन भाग पाठवायचे होते तेव्हा मी सलग एकोणीस दिवस कामावर गेले. त्यातल्या सहा रात्री दादरहून डोंबिवलीची शेवटची लोकल चुकली आणि मी ऑफिसातच आडवी झाले. त्या महिन्याच्या पगारात एक रुपयाही जास्त आला नाही. विचारल्यावर एचआरने सांगितलं, बदली सुट्टी घ्या. पुढच्याच महिन्यात प्रोजेक्ट संपला, त्याबरोबर माझा करारही संपला. सुट्ट्या तशाच राहिल्या.

माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर ओव्हरटाइमचा वेगळा रकाना असे आणि आई आधी तोच बघायची, कारण माझ्या चित्रकलेच्या क्लासची फी त्यातून निघायची. त्यांना हे एकोणीस दिवसांचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘तुमची युनियन काय म्हणते?’’ आमच्यात युनियन नसते म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प बसले.

आमच्याकडे युनियनचं नाव काढलं, की सहकारीच म्हणतात, ‘आपण कलाकार, ते गिरणी-कारखान्यांत चालतं.’ त्यांना मला १९४१ची आठवण द्यायची आहे. अमेरिकेत डिस्ने स्टुडिओतल्या चित्रकारांनी त्या वर्षी २९ मे रोजी संप सुरू केला. युनियनसाठी पुढाकार घेतला म्हणून आर्ट बॅबिट यांना काढून टाकलं, हे त्यामागचं तातडीचं कारण. बॅबिट हे तिथल्या उत्तम आणि चांगला पगार घेणाऱ्या ॲनिमेटरांपैकी एक होते. तरीही तुटपुंज्या पगारावर रेषा गिरवणाऱ्या, रंग भरणाऱ्या सहकाऱ्यांबरोबर ते फाटकाबाहेर उभे राहिले, आणि शेवटी स्टुडिओला युनियनशी करार करावा लागला. त्याआधी १९३७मध्ये न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओत असाच मोठा संप झाला होता. तिथेही युनियनला मान्यता मिळाली, पण मालकांनी पुढच्या वर्षी स्टुडिओच दूर फ्लोरिडात, मायामीला हलवला.

हे मायामी माझ्या मनातून जात नाही. २०२४मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनिमेशन गिल्ड या ॲनिमेशन कलाकारांच्या युनियनचे सभासद बरबँकला रस्त्यावर उतरले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर बंधनं आणि काम परदेशी पाठवण्यावर मर्यादा, या त्यांच्या मागण्यांपैकी दोन. ते ‘परदेश’ म्हणजे आम्हीच की! वाचून मला आधी राग आला. आमच्या पोटावर का येता, असं वाटलं. मग पटलं की भांडण आमच्याशी नाही. आमचे रीटेक फुकट असतात म्हणून काम इकडे येतं, आणि उद्या कुणी आणखी स्वस्तात केलं तर ते तिकडे जाईल. फेब्रुवारी २०२५मध्ये चित्रपटांचं व्हीएफएक्स करणारा टेक्निकलर हा परदेशी समूह कोसळला तेव्हा बंगळुरू आणि मुंबईतल्या हजारो कलाकारांचं काम एका फटक्यात गेलं. त्यांच्या वतीने बोलणी करायला टेबलावर बसेल अशी आमच्या उद्योगाची स्वतःची संघटना तेव्हा असायला हवी होती.

आम्ही काही जगावेगळं मागत नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आहे. तिच्यातल्या दृक्-श्राव्य निर्मितीच्या व्याख्येत ‘ॲनिमेशन’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. कलम ६६ सांगतं, की दृक्-श्राव्य कामगाराला लेखी करार केल्याशिवाय कामावर ठेवता येणार नाही आणि तो करार सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवला पाहिजे. कामाचे तास, वेतन, सुरक्षा हे सगळं त्यात यायला हवं. तेरा वर्षांत मी सात करार सही केले. कोट्याचा आकडा सगळ्यांत होता, रीटेकचा उल्लेख एकातही नाही. कामगार खात्याने हे अधिकारी कोण, ते कुठे बसतात, हे जाहीर करावं. आणि नव्या धोरणाखाली ज्या स्टुडिओला सवलत द्यायची, त्याच्याकडे आधी हे नोंदवलेले करार मागावेत. जनतेच्या पैशातून सवलत देताना एवढं विचारण्यात गैर काय?

बाकीचं आम्हालाच करावं लागेल. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही काही जण डोंबिवलीत भेटतो. रोटोवाले (फ्रेममधल्या आकृत्या कापून वेगळ्या करणारे), कंपोझिटर (वेगवेगळे थर एका दृश्यात जुळवणारे), दोन स्टोरीबोर्ड आर्टिस्ट आणि आम्ही ॲनिमेटर मिळून तेवीस आहोत. युनियनच्या नोंदणीसाठी शंभर सभासद जमवता येतील असा आमचा अंदाज आहे. पण अर्जावर स्वतःच्या नावाने सही करायला सात जण लागतात आणि आजच्या घडीला तयार आहेत पाच. सध्या मी नव्या कामाच्या शोधात आहे, म्हणून माझं नाव कृपया छापू नये. अर्जावरच्या त्या पाच सह्यांमध्ये मात्र माझी पहिली आहे.

आपली,
एक ॲनिमेटर, डोंबिवली (पूर्व)