तारीख निघून गेल्यावर कळतं

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका काकांचं पत्र वाचलं, की खेड्यातले आजकालचे पोट्टे-पोट्ट्या दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, ना पुढं शिकायची इच्छा ना गावाशी काही घेणंदेणं. मी नागभीड तालुक्यातली, बीए फायनलला आहे, विषय पॉलिटिकल सायन्स. मोबाईलचं म्हणाल तर खरं आहे, त्याच्यात वाद नाही. बाकीच्या दोन गोष्टींवर मात्र लिहायचंच होतं, पण पाचवं-सहावं सेमिस्टर आणि त्यात घरी उन्हाळी धानाचं काम म्हणून आज बसले.

जानेवारीत आमच्या कॉलेजचं एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं शिबिर झालं, दत्तक गावात. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, आणि आमच्या गटाकडं काम होतं मतदार नोंदणीचं. आम्ही घरोघरी फिरून सहा नंबरचे फॉर्म भरले. लोकांना वाटते की नाव फक्त निवडणूक आली की टाकता येते, तसं नाही, आता वर्षातून चार तारखा आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, यातल्या ज्या तारखेला 18 पूर्ण होतील तिच्यावर नाव लागते आणि 17 पूर्ण झालेला पोरगा आधीच अर्ज देऊन ठेवू शकते. सगळ्यात जास्त काम निघालं ते लग्न होऊन आलेल्या सुनांचं, त्यांची नावं अजून माहेरच्या यादीत, कोणाची आरमोरीला कोणाची पवनीला, नाव इकडं आणायला त्यांना आठ नंबरचा फॉर्म लागतो हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. एका घरी तर तीन जावा आणि तिघींचंही नाव गावात नाही, म्हणजे गावच्या ग्रामसभेत कायद्यानं त्या कोणीच नाहीत!

तिथंच एका म्हाताऱ्या आजीनं मला धरलं. मी तिला मोठ्या ऐटीत सांगत होते की आजी ग्रामसभेला जात जा, बोलत जा. ती म्हणाली, "तू जातेस का वो बाई तुया गावच्या ग्रामसभेला?" मी गप्प. तीन वर्षं पंचायत राज पाठ करून पेपर लिहिले आणि स्वतःच्या गावची ग्रामसभा कधी बघितली नव्हती.

म्हणून 26 जानेवारीला गेले. आधी महिला सभा घ्यावी लागते, ती झाली म्हणतात, रजिस्टरवर सह्या होत्या, माझ्या आईलाच माहीत नव्हतं. मुख्य सभेला कोरम भरला नाही. गावातल्या मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, दोन्हीत जे कमी असेल तेवढे लोक लागतात, आणि झेंडावंदन करून जिलेबी खाऊन लोक घरी गेलेले. मग सभा तहकूब. तहकूब झालेल्या सभेला पुढच्या वेळी कोरमच लागत नाही, तेव्हा चार टाळकी बसून गावच्या विकासाचा सगळा आराखडा पास करू शकतात, हे आम्हाला पुस्तकात एका ओळीत होतं, परीक्षेला कधी आलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण, त्याच दिवसांत माझं स्वतःचं काय चाललं होतं ते ऐका. मला एमए करायचं आहे, ग्रामीण विकास किंवा पब्लिक पॉलिसी असं काहीतरी. सेकंड इयरला सर आम्हाला धानोरा तालुक्यात मेंढा-लेखाला घेऊन गेले होते, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं ते गाव. 2009 मध्ये त्यांनी जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, 2011 मध्ये स्वतःचा बांबू विकायचा परवाना हातात घेतला, आणि अजूनही निर्णय हात वर करून नाही तर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसून घेतात. तिथून येताना बसमध्येच ठरवलं होतं की शिकायचं तर हेच.

आता हे शिकवतात कुठं? हैदराबादला केंद्रीय विद्यापीठ आहे, तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूटचा कॅम्पस आहे, अशा ठिकाणी जायचं तर सीयूईटी पीजी नावाची एमएच्या प्रवेशाची देशभराची परीक्षा लागते, तिचे फॉर्म डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि मार्चमध्ये परीक्षा होते. म्हणजे आमची डिग्री हातात यायच्या कितीतरी आधी. आमच्या इकडं सगळे धरून चालतात की निकाल लागला की जूनमध्ये कॉलेजात जायचं, फॉर्म घ्यायचा, झेरॉक्स लावायच्या, झालं. मला ही परीक्षा कळली फेब्रुवारीच्या शेवटी, नागपूरला शिकणाऱ्या मैत्रिणीच्या स्टेटसवर, तिनं हॉल तिकिटाची वाट बघून राहिली असं काहीतरी टाकलं होतं. मी फोन केला तर म्हणे, "तू भरला नाहीस? तारीख तर केव्हाच गेली."

म्हणजे मी दुसऱ्या गावात दार वाजवून लोकांना फॉर्मच्या तारखा सांगत होते तेव्हा माझ्याच फॉर्मची तारीख चालली होती. हसावं की रडावं. रडले, खोटं कशाला सांगू.

आमच्या वर्गात 40 च्या वर पोरं-पोरी आहेत, दुसऱ्या दिवशी विचारलं तर या परीक्षेचं नाव ऐकलेला एक जण निघाला आणि त्यानं ते पोलीस भरतीच्या ग्रुपवर वाचलेलं. बाकी सगळ्यांचं गणित तीनच गोष्टींचं, पोलीस भरती, एमपीएससी, नाहीतर बीएड. या वाईट आहेत असं म्हणत नाही मी. पण तीनच दारं दिसत असतील तर माणूस त्याच्यातूनच जाईल ना, त्याला इच्छा नाही कसं म्हणता? कॉलेजच्या नोटीस बोर्डावर मी मुद्दाम बघितलं, फी भरायची नोटीस, हरवलेल्या आयकार्डची नोटीस आणि मागच्या वर्षीची रांगोळी स्पर्धा.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "मंग आता का करतेस? पोरींले फी माफ हाय म्हणतेत ना सरकारची?" त्यांनाही अर्धंच कळलेलं. 2024 ची ती फी माफी व्यावसायिक कोर्सला आहे, साध्या एमएला नाही. आणि 2019 मध्ये नागपूर-नागभीड रेल्वेची छोटी लाईन मोठी करायला बंद झाली तेव्हा मी नववीत होते, तेव्हापासून नागपूर म्हटलं की आमच्या घरी आधी एसटीचा टाईम आणि अंधार पडायच्या आत परत येणं हाच विचार होतो, वाघाची भीती तुम्हा शहरातल्या लोकांना बातमीत वाचायला मिळते, आम्हाला फाट्यावरून घरापर्यंत चालावं लागते. तरी बाबांनी नाही म्हटलं नाही. पुढच्या साली भर म्हणाले.

ज्युनिअर पोरांना निदान चौथ्या वर्षाचा पर्याय आहे, नवीन शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स डिग्री केली तर एमए एका वर्षाचं होते. आमची जुन्या पॅटर्नची शेवटची बॅच, आमचं तीन वर्षांत सुटलं. पण त्या पोरांना तरी कोण सांगून राहिलं की तिसऱ्या वर्षी बाहेर पडायचं की थांबायचं? माझा चुलतभाऊ सेकंड इयरला आहे, त्याला वाटते चौथं वर्ष नापास लोकांसाठी असते.

माझं मागणं फार मोठं नाही. एनएसएसला आमचे वर्षाला 120 तास लागतात. त्यातले थोडे तास डिसेंबरमध्ये कॉलेजच्याच गेटवर टेबल टाकायला द्या, जसा आम्ही दत्तक गावात टाकला तसाच, आणि सीनियरनी फायनलच्या पोरांना परीक्षांच्या तारखा सांगायच्या, फॉर्म भरून द्यायचे. ज्या पोट्ट्यांना तीन जावांचे आठ नंबरचे फॉर्म बिनचूक भरता येतात त्यांना हे जड नाही. मी प्रोग्राम ऑफिसर सरांना बोलले, ते म्हणाले लेखी दे. दिलं.

दुसरं, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर आहे, प्रिंटर आहे, ऑपरेटर दादा आहे. दाखले काढायला तो बसतोच. त्याच बोर्डावर महिन्याला एक कागद लावायचा, कोणत्या परीक्षेचे फॉर्म सुटले आणि शेवटची तारीख काय. खर्च एका कागदाचा. हा विषय मी येत्या 1 मे च्या ग्रामसभेसाठी अर्ज करून दिला आहे, पोच घेतली आहे. आईला आणि तिच्या बचत गटाच्या बायांना आतापासून सांगून ठेवलं की यावेळी महिला सभा खरोखरची झाली पाहिजे आणि मुख्य सभेला 100 माणसं बसली पाहिजेत. आई म्हणते जिलेबी सभा झाल्यावर वाटा म्हणजे बसतील. हे मी अर्जात लिहिलं नाही, पण सरपंच काकूंना तोंडी सांगितलं आहे.

मैत्रीण विचारत होती, पुढच्या वर्षी हैदराबादला गेलीस तर मतदार यादीतलं नाव तिकडं नेशील का. विद्यार्थ्यांना दोन्ही चालते, हॉस्टेलच्या पत्त्यावर नाहीतर घरच्या. मी गावातच ठेवणार आहे. ग्रामसभेत बोलायला लागते ते.

आपली,
बीए तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी
ता. नागभीड, जि. चंद्रपूर