पेनड्राइव्ह मशीनलाच होता

दांडिया बाजार, बडोदे

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, धंद्याच्या कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं नीट सांगणारं कोणी आहे का?" पार्टी समोर बसली होती म्हणून टाळलं. खरं म्हणजे लाजही वाटली. मकरपुऱ्याच्या शेडमध्ये काय झालं ते तुला अर्धवटच माहीत आहे.

सोमवारी सकाळी टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडेना. फायलींच्या नावांना भलतंच शेपूट लागलेलं आणि स्क्रीनवर पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी. मी निर्धास्त, बॅकअप होता ना! पण तो पेनड्राइव्ह महिनोन्‌महिने मशीनलाच खोचलेला. तोही लॉक.

दोन दिवसांत सल्ला द्यायला तिघे आले, मयताला जमतात तसे. एकाने चहा येण्याआधीच फायरवॉलचं, म्हणजे नेटवरून येणारं नको ते अडवणाऱ्या डब्याचं, कोटेशन टेबलावर ठेवलं. मी विचारलं, "हे असतं तर पेनड्राइव्ह वाचला असता?" गडी गप्प. उत्तर दिलं ते सीएंकडे आर्टिकलशिप करणाऱ्या पोराने: "काका, कॉपी झाली की पेनड्राइव्ह काढायचा आणि घरी न्यायचा." जीएसटीसाठी त्यांच्याकडे मार्चपर्यंतचा डेटा होता, तोच कामी आला. पुढचं सगळं आई आणि मी रात्री जागून चलनबुकांवरून पुन्हा भरलं. पैसे दिले नाहीत. दिले तरी फायली उघडतीलच असं कुठे आहे?

सायबर हल्ल्यांचं बघणारी सरकारची सर्ट-इन ही संस्था 2004 पासून आहे. असा हल्ला झाला की 6 तासांत तिला कळवायचं, असा 2022 चा आदेश आहे. मला हे नंतर कळलं. तिच्याच सायबर स्वच्छता केंद्रात मशीन साफ करायची साधनं फुकट मिळतात. खात्यातून पैसे गेले तर मात्र आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लाव, लगोलग बँकेला कळव. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. आणि सप्लायरचा नवा खाते नंबर मेलवर आला, तर आपल्या डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय दमडी पाठवू नकोस.

पैसे देऊन माणूस बोलावलासच, तर तो आधी काय विचारतो ते बघ. मशीन किती, टॅलीचा पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक, बिलं कुठल्या मेलवर येतात. हे न विचारता डबा विकायला बसला, तर चहा पाजून वाटेला लाव.

आता ड्राइव्ह दोन आहेत. दर शनिवारी एक घरी येतो आणि आईच्या लोणच्याच्या बरणीमागे राहतो. एकाला मेतकुटाचा हात लागलाय, पण चालतो.

तुझा बाबा